तारेवरचा बारावा शब्द

१६ एप्रिल, बुधवार

बापूरावांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्यांची मुलगी चैताली, मधे ते. ओठ निळे पडले होते. रिक्षावाल्याने आळंदी रस्त्यावर एकही सिग्नल पाळला नाही. देव त्याचं भलं करो. आता ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

झालं ते असं. सातच्या सुमारास वीज गेली. चौकातला ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणे. मी खुर्चीतून उठलोही नाही. आपल्याला काय फरक पडतो? सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे, घराघरात मी आखलेली वीज देणारी पेटी आणि बॅटरी आहे. वर्षभरात कितीदा वीज गेली, इथे कोणाला पत्ता लागला नाही. आज मात्र माझ्या डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला आणि मी मूर्खासारखा त्याच्याकडे बघत बसलो. तेवढ्यात तळमजल्यावरून चैतालीची हाक — "काका, बाबांचं मशीन बंद पडलं!"

बापूराव बसवर ड्रायव्हर होते. आयुष्यभर धूर खाल्ला, फुप्फुसं गेली. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं ते मशीन त्यांना जवळजवळ चोवीस तास लागतं. त्यांच्याकडे पूर्वी स्वतःचा इन्व्हर्टर होता. तो मीच भंगारात घालायला लावला. "कशाला ते जड धूड घरात, ॲसिडचा वास येतो, आता त्याची गरज काय" — माझेच शब्द. एक लहान सिलिंडर होता कोपऱ्यात, त्याची चावी गंजलेली. चैतालीला ती फिरवता येईना. मलाही.

भर एप्रिल. दिवसभर रणरणतं ऊन. बॅटऱ्या गळ्यापर्यंत भरलेल्या असायला हव्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या रिकाम्या कशा?


१७ एप्रिल, गुरुवार

बापूराव आहेत. बोलत नाहीत, पण डोळे उघडे आहेत.

सकाळपासून प्रत्येक घरात जाऊन पेटी उघडून पाहिली. एकही बिघडलेली नाही. लोक दारात उभे राहून बघत होते. कोणी चहा विचारला नाही. बरोबरच आहे.

भाग्यश्रीला फोन केला. माझी भाची, शकूची मुलगी. हिंजवडीच्या ज्या कंपनीने या पेट्या बनवल्या तिथे या कामाची प्रमुख तीच. म्हणाली, "मामा, बॅटऱ्यांचा लॉट खराब असेल. उन्हाळ्यात होतं असं." सगळ्या एकदम खराब होतात का? एका संध्याकाळी, ठरवून? "मी बघते. बापूराव कसे आहेत?" हे तिने दोनदा विचारलं.

पोर मनाला लावून घेते. मीच म्हणालो, "तू काळजी करू नकोस. चूक असली तर माझ्याच गणितात असेल."


१९ एप्रिल, शनिवार

गणित तीनदा तपासलं. चूक सापडत नाही. माणसाला स्वतःची चूक सापडत नाही, हा अनुभव जुनाच.

भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं इन्व्हर्टर बनवले. सोलरची वीज घरच्या पंख्याला चालेल अशी करायची तर आतले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करावे लागतात. त्या उघडमिटीची एक बारीक थरथर तारेवर उरतेच. आमचा सगळा जन्म ती थरथर मारण्यात गेला. निवृत्तीच्या आधी माझ्या डोक्यात आलं, ही मारायची कशाला? उघडमिटीचा ताल जरासा मागेपुढे केला तर याच थरथरीतून एक पेटी दुसरीशी बोलू शकेल. वेगळी केबल नको, वायफाय नको. वीज नेणारी तारच निरोप नेईल.

बापूरावांना समजावताना मी म्हणालो होतो, "तुम्ही गाडीचा दिवा रस्ता दिसायला लावता आणि त्याच दिव्याने समोरच्याला डिपर मारता. तसंच हे." ते खूष झाले. "म्हणजे पेट्या एकमेकींना डिपर मारणार! लावा आमच्याकडे पहिली."

मी पेट्यांना अकरा शब्द दिले. भरलो. रिकामा. देतो. घेतो. तापलो. असे साधे. एका घरची बॅटरी उतरली की ती 'रिकामा' म्हणते, दुसरी 'देतो' म्हणते, आणि वीज त्या घरात जाते. कोणी वरून हुकूम द्यायचा नाही. पेट्यांनी आपसांत ठरवायचं.

कारखान्यात साहेब म्हणाले होते, "अनंतराव, कागदावर छान आहे." पुण्यात याचा अर्थ काय होतो ते मला कळतं. कागद कपाटात गेला. तो बाहेर काढला भाग्यश्रीने. कॉलेजची चार वर्षं ती आमच्याकडेच राहिली. जेवणाच्या टेबलावर तिला मी स्विचिंग शिकवलं, माझी बायको हेमा ओरडायची की आधी ताटं उचला. नोकरी लागल्यावर एके दिवशी आली आणि म्हणाली, "मामा, हे आपण करतोय." आपण! साठी उलटलेला मी गळ्यात कार्ड अडकवून कंपनीच्या बसने हिंजवडीला जाऊ लागलो. बसमध्ये सगळी पोरं कानात बोंडं घालून झोपलेली. मी एकटा जागा, आणि आनंदात.

पहिला प्रयोग आमच्याच सोसायटीत करायचा ठरलं. हेमा सोसायटीची सेक्रेटरी. तिने घरोघर जाऊन लोकांना तयार केलं. सभेत मी एकच गोष्ट ठासून सांगितली — ही पेटी फक्त आपल्या भावंडांशी बोलते. मीटररूममधली मुख्य पेटी कंपनीला आकडे कळवेल, पण कंपनीकडून हुकूम घेणार नाही. ही माझी अट होती. भाग्यश्री शेजारीच बसली होती. म्हणाली, "मामा, शब्द दिला."

मग बुधवारी झालं काय?


२१ एप्रिल, सोमवार

झालं काय ते कळलं.

दुपारी माझा जुना ऑसिलोस्कोप काढला आणि घरातल्याच तारेवर लावला. तारेवरची थरथर पडद्यावर दिसते. दुपारभर सगळं शहाण्यासारखं. एक पेटी 'भरलो' म्हणते, दुसरी म्हणते, तिसरी. हेमा येऊन म्हणाली, "चिमण्यांसारखं चाललंय." खुर्ची ओढून बसली थोडा वेळ. मी तिला शब्द ओळखून दाखवले.

साडेसहाला मुख्य पेटीकडून एक शब्द आला. माझा नाही.

आधी वाटलं नजरचूक. पुन्हा आला. अकरातला कुठलाच नाही. आणि तो आल्याबरोबर सगळ्या बॅटऱ्या वीज ओतायला लागल्या — आपल्या घरांत नाही, सोसायटीबाहेरच्या लाईनीत. बाहेर. मी खाली मीटररूमला धावलो, मीटर पाहिला, वर आलो. पडद्यावर तोच शब्द, दर थोड्या वेळाने. सोडा. सोडा. सोडा.

बॅटऱ्या अर्ध्या झाल्या आणि शब्द थांबला.

अर्ध्यावर का? बुधवारी तर पूर्ण रिकाम्या झाल्या होत्या. म्हणजे बुधवारनंतर कोणीतरी मर्यादा घातली. म्हणजे बुधवारी काय झालं ते कोणाला तरी नेमकं माहीत होतं. आणि मी इथे गणितं तपासत बसलो होतो.

आणखी एक. त्या शब्दाच्या आधी एक छोटी विश्रांती आहे. ऐकणाऱ्या पेटीला सावध करायला. ही माझी सवय. कुठल्या पुस्तकात नाही. मी ती फक्त एका माणसाला शिकवली, जेवणाच्या टेबलावर.


२२ एप्रिल, मंगळवार

भाग्यश्री संध्याकाळी ऑफिसातून थेट आली. दारातच माझ्याकडे बघून तिला कळलं. चपला काढायला वेळ लावला.

मी पडदा दाखवला. "हा शब्द कोणाचा?"

"माझा."

एवढंच. नाही म्हणाली असती तरी मला बरं वाटलं असतं, काही क्षण तरी.

मग तिने सांगितलं. कंपनीला टिकायचं तर कोणीतरी मोठा ग्राहक हवा. संध्याकाळी विजेची ओढ वाढते, तेव्हा घराघरांतल्या बॅटऱ्यांतली वीज एका हुकमासरशी बाहेर काढता येते, हे दाखवलं तरच ग्राहक पुढे येणार. महिनाभर थोडी थोडी काढत होते, कोणाच्या लक्षात आलं नाही. बुधवारी पाहुणे आले होते. त्यांना पूर्ण दाखवायचं होतं.

"आणि वीज गेली तर?"

"अर्ध्या तासाचा प्रश्न होता, मामा. नेमकी तेव्हाच जाईल असं वाटलं नाही."

"तळमजल्यावर माणूस श्वासासाठी त्या पेटीवर आहे, हे माहीत होतं?"

"माहीत होतं. त्यांची पेटी वगळा असं मी सांगितलं होतं. पण पेट्या एकमेकींना देतात ना. बाकीच्या रिकाम्या झाल्या तशी त्यांनी बापूरावांकडची ओढली."

माझाच शब्द — 'रिकामा'. माझ्याच शब्दाने त्यांची बॅटरी पिऊन टाकली.

"आता अर्ध्यावर मीच आणलंय," ती म्हणाली. "पूर्ण बंद करायला शुभंकर सर तयार नाहीत."

"मला का नाही विचारलंस?"

तिने पर्स खांद्याला लावली. मी पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाली, "शब्द मी लिहिला, मामा. बाकी बोलण्यात अर्थ नाही."

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, "या घरात पुन्हा येऊ नकोस." हेमा स्वयंपाकघरात पोहे करत होती, ते तसेच राहिले. भाग्यश्री मामीला हाकही न मारता गेली.

हेमा जेवली नाही. "इतकं तोडून बोलायला नको होतं," म्हणाली. मी म्हणालो, "तिची बाजू घेऊ नकोस. आज नको."


२४ एप्रिल, गुरुवार

हिंजवडीला गेलो. शेवटचं.

शुभंकर कंपनीचा मालक, पस्तिशीचा. काचेच्या खोलीत बसवलं, पाणी मागवलं. "काका, आय फील टेरिबल. रिअली. पण टेक्निकली बघा, हे तुमच्याच कामाचं पुढचं पाऊल आहे. पॉवर आणि डेटा एकाच तारेवर — मग कंट्रोल का नको?"

"कारण मी लोकांना नाही म्हणून सांगितलंय."

"लोकांना काही फरक पडत नाही, काका. दिवे लागले की झालं."

"त्या बुधवारी लागले नाहीत."

तो जरा ओशाळला. मग म्हणाला, "हे बघा, आम्ही न विचारता काहीही करत नाही."

"कोणाला विचारलंत?"

भाग्यश्री दाराशी उभी होती. तीच बोलली, घाईने. "सर, मी सांगते. कोणालाही विचारलं नव्हतं. मीच ठरवलं, मीच तुम्हाला सोसायटीचा होकार कळवला."

शुभंकरने तिच्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले. "मग तर काही बोलायलाच नको."

केवढ्या सहजतेने सांगितलं तिने! मालकाला फसवलं, मामाला फसवलं, आणि चेहरा कोरा. मी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. परतीच्या बसची वेळ नव्हती. वाकडपर्यंत गर्दीतून चालत आलो. डोकं तापलं होतं, उन्हाने नाही.


२५ एप्रिल, शुक्रवार

चार वर्षं माझ्या ताटात जेवली.


२७ एप्रिल, रविवार

सोसायटीची सभा. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी म्हणून हेमाने सुरुवात करायची, पण तिचा घसा बसला होता. म्हणून मीच उभा राहिलो.

सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. माझ्या भाचीने मला आणि तुम्हाला फसवलं, असं तिचं नाव घेऊन सांगितलं. शेवटी म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवून तुम्ही पेट्या लावल्यात. मी क्षमा मागतो."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "इंजिनियरच्या घरातलं इंजिनियरला कळू नये, म्हणजे कमालच." कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग चैताली उठली. दवाखान्यातून थेट आलेली, खांद्याला पिशवी तशीच. "काका, तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी मानते. पण आमचा इन्व्हर्टर काढायला तुम्ही सांगितलंत. भाग्यश्रीताईने नाही."

खाली बसलो. हेमाने माझ्या हातावर हात ठेवला. थंडगार होता.

हात वर करून मतं घेतली. पेट्या बंद. सगळे हात वर. माझाही. सर्वांच्या आधी.

मीटररूममध्ये जाऊन मुख्य स्विच मीच पाडला. घरी येऊन पडदा पाहिला. सरळ रेघ.


२८ एप्रिल, सोमवार

तार मुकी. ऑसिलोस्कोप माळ्यावर टाकला.


३ मे, शनिवार

बापूरावांना घरी आणलं. दवाखान्यापासून गाडीपर्यंत, गाडीपासून दारापर्यंत, भिंतीला धरून. पूर्वी गच्चीवर सोलर बघायला येत असत, जिने मोजत, थांबत थांबत. आता गच्ची नाही. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, जे गेलं ते परत येणार नाही.

भेटायला गेलो. दारात नवा इन्व्हर्टर आलेला दिसला, खोक्यात. चैतालीने "या काका" म्हटलं. पूर्वी नुसतं बघून हसायची, 'या' म्हणायची गरज नसायची.

बापूराव एकेक शब्द तोडून बोलतात. म्हणाले, "अनंतराव, तुमची भाची... रोज यायची. दवाखान्यात."

मला ठाऊक नव्हतं.

"बसायची. बोलायची नाही. एकदा मोसंबं सोलून दिलं." थांबले, श्वास घेतला. "मी म्हणालो, पोरी, अपघात प्रत्येक ड्रायव्हरच्या हातून होतो. तर रडायला लागली."

मी म्हणालो, "अपघात वेगळा. हे ठरवून केलं."

ते नाकातली नळी नीट करत राहिले. मोसंबं सोलून पाप धुतलं जातं, हे मला नवीनच.


९ मे, शुक्रवार

शकूचा साताऱ्याहून फोन. भाग्यश्रीला कंपनीने काढलं. राजीनामा दे म्हणाले, तिने दिला. सगळा ठपका तिच्यावर ठेवून शुभंकर मोकळा. पाहुणे म्हणून आलेला तो मोठा ग्राहकही गेला म्हणे.

शकू आवाज न चढवता बोलत होती, लहानपणापासूनची तिची पद्धत. "दादा, तू तिला नीट विचारलंस ना सगळं?"

"विचारलं. तिने कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"सगळंच."

मग, "बरं. मग माझं काही म्हणणं नाही." फोन ठेवला. राखीपौर्णिमेला येशील का, असं दर मे महिन्यात विचारते. या वेळी विचारलं नाही.


१४ मे, बुधवार

हेमाला डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब वाढलाय, झोप नाही. गोळी दिली. डॉक्टर म्हणाले, "ताण कमी करा." जणू तो नळ आहे.

येताना रिक्षात तिने सांगितलं की सेक्रेटरीपद सोडायचंय. "मला आता कोणाच्या दारात जाऊन उभं राहवत नाही." समजतं मला. घरोघर जाऊन तिनेच लोकांना राजी केलं होतं. माझ्याइतकीच तीही फसली, फक्त तिने कोणावर राग काढला नाही. तिला पोटची पोर नाही. भाग्यश्रीला तिने जे केलं ते आईसारखं. डबे, आजारपणं, परीक्षेच्या आधी पहाटे उठून दूध. आणि जाताना पोरीने हाकही मारली नाही.

म्हणालो, "माझं एक वेळ जाऊ दे, पण तुझ्याशी ती अशी वागायला नको होती." हेमा बाहेर बघत राहिली. येरवड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही.

मीही बोललो नाही. बरं वाटलं मला ते. या घरात निदान एक माणूस असं आहे की ज्याचं बोलणं मला तपासून घ्यावं लागत नाही.


१९ मे, सोमवार

सकाळी बाजारात एका तरुणाने ओळखलं. कंपनीच्या बसमधला. कानातली बोंडं काढून म्हणाला, "सर, तुम्ही गेल्यावर भाग्यश्री मॅमनी टीमला सांगितलं होतं — सरांचे अकरा शब्द कोणी बदलायचे नाहीत. कंपनी विकली तरी."

मग बारावा घातला कशाला?

विचारलं नाही त्याला. भाजी घेतली आणि आलो.


२० मे, मंगळवार

राग एकसारखा राहत नाही, हीच अडचण. सकाळी असतो, दुपारी कमी होतो, चार वाजता पंखा फिरताना दिसतो आणि पुन्हा येतो. मधूनच वेगळंच काहीतरी आठवतं. पहिली पेटी दुसरीशी बोलली तो दिवस. आम्ही दोघं पडद्यासमोर श्वास रोखून. 'भरलो' आला, आणि ही पोर टेबलावर दोन्ही हात आपटून म्हणाली, "मामा, बोलली!" तीस वर्षांत कारखान्यात कोणी असं ओरडलं नव्हतं.

त्या दिवशी खरी होती ती? की तेव्हाही?

फसवणुकीत हे वाईट. पुढचं जातंच, मागचंही हातात राहत नाही.


२६ मे, सोमवार

दुपारी एका कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन. भाग्यश्रीने तिथे प्रयोगशाळेतल्या जागेसाठी अर्ज केलाय आणि ओळख म्हणून माझं नाव दिलंय. अजून माझंच! हिंमत म्हणायची की निर्लज्जपणा, ठरवता येईना.

प्राचार्य सभ्य होते. "आपण त्यांना लहानपणापासून ओळखता. हुशारीबद्दल शंका नाही. फक्त एवढंच सांगा, विश्वासू आहेत का? आमच्याकडे मुलं त्यांच्या हाताखाली काम करतील."

हेमा समोर बसून मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

मी म्हणालो, "नाही."

प्राचार्यांनी आभार मानले. जे खरं ते सांगितलं. हेमा उठून आत गेली, मेथी तशीच पसरलेली.


२८ मे, बुधवार

हेमा माझ्याशी जेमतेम बोलते. विचारलं तर "काही नाही." गोळीचा परिणाम असेल.


१ जून, रविवार

सकाळी चहा ठेवून हेमा समोर बसली. म्हणाली, "अहो, मधे बोलू नका. नाहीतर मला जमणार नाही."

भाग्यश्रीने विचारलं होतं. मार्चमध्ये. सेक्रेटरी म्हणून हेमाला. त्या शब्दाला सोसायटी हो म्हणेल का, आणि मामांना मी सांगू का तुम्ही सांगता? हेमा म्हणाली, मी हो म्हणते, त्यांना सांगू नकोस. "तुम्ही नाहीच म्हणाला असतात. काम बंद पडलं असतं. निवृत्त झाल्यावर तुम्ही दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचात, ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. थोडीशी वीज घेतील, एवढंच मला कळलं होतं. आणि बापूरावांचं झाल्यावर मी त्या पोरीच्या पाया पडले. म्हटलं, माझं नाव घेऊ नकोस, हे मला सोडून जातील. ती म्हणाली, नाही घेणार, मामी."

चहा निवून साय आली.

कॉलेजला फोन लावला. रविवार. वाजत राहिला. कोणी उचलला नाही.